लिकलायडर: नेटवर्कच्या आधी नेटवर्कसाठी माणसं जमवणारा मानसशास्त्रज्ञ

एकाच फाइलमध्ये चार जण टाइप करतायत, चार रंगांचे कर्सर इकडून तिकडे पळतायत, बाजूला कॉमेंट्समध्ये वाद पेटलाय आणि पाचवा मित्र कॉलवर स्क्रीन शेअर करून ग्राफ दाखवतोय. प्रोजेक्ट सबमिट करायच्या आदल्या रात्रीचं हे चित्र तुम्हाला नवीन नाही. ऑफिसात जाल तेव्हाही रोज हेच करायचंय. पण माणसं अशी एकत्र काम करतील, हे १९६८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ मासिकात छापून आलं होतं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर लोखंडी कपाटं होती आणि बहुतेक लोकांच्या लेखी ते हिशोबाचं यंत्र होतं. या लेखाचं म्हणणं होतं की थोड्याच वर्षांत माणसं समोरासमोर बसून बोलतात त्यापेक्षा चांगला संवाद मशिनमार्फत करू लागतील.

लेख लिहिणारे दोघे होते. जोसेफ कार्ल रॉबनेट लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर. गंमत म्हणजे दोघंही मुळात इंजिनिअर नव्हते, मानसशास्त्र शिकलेले होते. आज आपण यातल्या पहिल्याची गोष्ट बघणार आहोत. त्याला सगळे ‘लिक’ म्हणायचे. विद्यार्थ्यांनीही तसंच म्हणावं असा त्याचा आग्रह असायचा, म्हणून मीही इथे लिकच लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. इंटरनेटचा शोध कुणी लावला असं सर्च केलंत तर लिकचं नाव पहिल्या ओळीत सहसा येणार नाही. त्याने ना प्रोटोकॉल लिहिला, ना राउटर बनवला. त्याने केलं ते काम वेगळ्याच जातीचं होतं. विद्यापीठातले प्राध्यापक, खासगी कंपन्यांतले इंजिनिअर आणि सरकारचा पैसा या तिघांना त्याने एका पंगतीला बसवलं.

मांजराच्या मेंदूपासून बॉम्बर विमानापर्यंत

लिकचा जन्म ११ मार्च १९१५ चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसचा. वडील बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि हा एकुलता एक. लहानपणी विमानांची मॉडेल्स बनवायची, थोडं मोठं झाल्यावर जुन्या गाड्या उघडून परत जोडायच्या, हे त्याचे उद्योग. गाड्यांचं वेड शेवटपर्यंत टिकलं. सेंट लुईसच्याच वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून १९३७ साली त्याने भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र अशा तीन विषयांत पदवी घेतली. आपल्याकडे बारावीनंतर एक लाइन पकड म्हणून घरचे मागे लागतात. लिकला लाइन पकडायची घाई नव्हती.

१९४२ साली रोचेस्टर विद्यापीठातून पीएचडी झाली. विषय होता, मांजराच्या मेंदूत वेगवेगळ्या पट्टीचे आवाज नेमके कुठे नोंदले जातात. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. लिक हार्वर्डच्या प्रयोगशाळेत गेला आणि एका अगदी व्यवहारी प्रश्नावर कामाला लागला. बॉम्बर विमानात इंजिनांचा इतका आवाज असतो की रेडिओवर बोललेलं कळत नाही, तर काय करायचं?

त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना दिसलं की आवाजाच्या लहरींचे उंच शेंडे निर्दयपणे छाटून टाकले तरी शब्द समजतात. आवाज ऐकायला कर्कश होतो, पण अर्थ पोचतो. हे मी मुद्दाम सांगतेय. लिक शेवटपर्यंत याच एका प्रश्नाभोवती फिरत राहिला असं मला वाटतं. मध्ये मशिन असताना एका माणसाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात कसं पोचतं, हा तो प्रश्न. आधी ते मशिन रेडिओ होतं, पुढे कॉम्प्युटर झालं, एवढंच.

१९५० मध्ये तो एमआयटीत आला. १९४९ साली सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली होती आणि अमेरिका घाबरलेली होती. रडारवरून येणारी माहिती कॉम्प्युटरला द्यायची, त्याने ती पडद्यावर दाखवायची आणि समोर बसलेल्या सैनिकाने शत्रूचं विमान ओळखायचं, अशी ‘सेज’ नावाची अवाढव्य यंत्रणा एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये आखली जात होती. मशिन्स आयबीएमने बनवली. लिककडे काम होतं माणसाच्या बाजूचं: पडदा कसा असावा, बसणाऱ्याला काय दिसावं, काय कळावं. आजच्या भाषेत यूएक्स म्हणा.

लष्करी कामातून आलेलं तंत्रज्ञान म्हटलं की काही जणांना ते आवडत नाही, आणि ते न आवडणंही मला बरोबर वाटतं. लिकच्या जवळपास सगळ्या कामामागे संरक्षण खात्याचा पैसा होता. हे लपवून त्याची गोष्ट सांगता येत नाही.

स्वतःचाच स्क्रीन टाइम मोजणारा माणूस

१९५७ चा उन्हाळा. लिकने एक साधा प्रयोग केला. स्वतःवरच. दिवसभरात आपण काय काय करतो याची तो नोंद ठेवू लागला. तुमच्या फोनमधलं डिजिटल वेलबीइंग जे करतं, ते त्याने कागद-पेन्सिलने केलं.

निष्कर्ष त्याला स्वतःलाच लाजवणारा होता. ज्याला तो विचार करण्याचा वेळ म्हणायचा, त्यातला सुमारे ८५ टक्के वेळ विचार करण्याच्या तयारीतच जात होता. माहिती शोधणं, आकडे एका मापात आणणं, ग्राफ काढणं, दुसऱ्याकडून काढून घेणं. एकदा त्याला सहा वेगवेगळ्या प्रयोगांचे निकाल ताडून पाहायचे होते. सहा जणांनी मोजमापं वेगवेगळ्या पद्धतीने केलेली. सगळं एका मापात आणायला कित्येक तास गेले. एकदा आकडे शेजारी शेजारी आल्यावर उत्तर कळायला काही सेकंद पुरले.

त्याहून टोचणारी गोष्ट पुढे होती. कुठला प्रश्न हातात घ्यायचा हेही तो बहुतेक वेळा त्यात कारकुनी किती करावी लागेल यावरून ठरवत होता. प्रश्न महत्त्वाचा आहे की नाही, हे दुय्यम. आपण सगळे हेच करतो, फक्त त्याची वही ठेवत नाही.

त्याच सुमारास लिंकन लॅबमध्ये वेस्ली क्लार्क नावाच्या इंजिनिअरने त्याला टीएक्स-२ हे मशिन दाखवलं. त्या काळात कॉम्प्युटर वापरणं म्हणजे पिठाच्या गिरणीत डबा ठेवून येण्यासारखं असायचं. पंच कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, घरी जायचं, दुसऱ्या दिवशी पीठ, म्हणजे उत्तर, घ्यायला यायचं. एक स्वल्पविराम चुकला असेल तर परत डबा भरा, परत रांगेत. टीएक्स-२ समोर मात्र बसता यायचं. पडदा होता, बटणं होती, काही केलं की लगेच दिसायचं. लिकला त्या मशिनचं वेडच लागलं.

कंपनीला कॉम्प्युटर घ्यायला लावला, कशासाठी ते माहीत नसताना

१९५७ मध्ये लिकने एमआयटीतली प्राध्यापकी सोडून बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन, म्हणजे बीबीएन या कंपनीत नोकरी धरली. कंपनी एमआयटीच्याच प्राध्यापकांनी १९४८ साली सुरू केलेली. धंदा काय, तर सभागृहांत आवाज नीट कसा घुमेल याचा सल्ला देणं. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या सभागृहाचं ध्वनीचं काम यांचंच.

अशा कंपनीत येऊन लिक मालकांना म्हणाला की आपल्याला कॉम्प्युटर हवा. किंमत पंचवीस-तीस हजार डॉलरच्या घरात. त्यावर नेमकं काय करायचं हे त्यालाही सांगता येत नव्हतं. लिओ बेरानेक यांनी तरी तो घेऊ दिला. मला या गोष्टीत लिकइतकंच बेरानेक यांचं कौतुक वाटतं. आवाजाच्या कंपनीने कशाला हे लचांड गळ्यात घ्यायचं, असं सहज म्हणता आलं असतं.

पुढे १९६० मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं पीडीपी-१ हे मशिन पहिल्यांदा बीबीएनमध्येच आलं. डिजिटल ही कंपनी सुरू करणारे केन ओल्सनही लिंकन लॅबमधूनच बाहेर पडलेले. म्हणजे बघा: विद्यापीठाच्या लॅबमधून माणूस बाहेर पडतो, कंपनी काढतो, मशिन बनवतो. ते मशिन विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी काढलेली दुसरी कंपनी विकत घेते. आणि त्यावर प्रयोग करायला विद्यापीठातले लोक संध्याकाळी येऊन बसतात. हार्वर्ड आणि एमआयटीनंतर बीबीएन हे केंब्रिज गावातलं तिसरं विद्यापीठ आहे, असं लोक म्हणू लागले ते उगाच नाही.

इथेच १९६२ मध्ये टाइम-शेअरिंगचा प्रयोग झाला. टाइम-शेअरिंग म्हणजे काय? पंगतीत वाढणारा एकच वाढपी डोळ्यासमोर आणा. तो प्रत्येकाच्या पानात थोडं थोडं वाढत पुढे सरकतो, पण इतक्या झपाट्याने फिरतो की कुणालाच आपलं पान रिकामं राहिलंय असं वाटत नाही. कॉम्प्युटरही तसंच करतो. प्रत्येकाचं काम सेकंदाचा बारीकसा तुकडा करायचं, की पुढच्याकडे. प्रत्येकाला वाटतं मशिन माझ्याच एकट्याचं आहे. तुमचं क्लाउड स्टोरेज, शेअर्ड डॉक्युमेंट, सगळ्याच्या तळाशी हीच पंगत आहे.

पण वेग हा टाइम-शेअरिंगचा खरा परिणाम नव्हता. एकाच मशिनवर सगळे आले तसे ते एकमेकांच्या फाइल बघू लागले, दुसऱ्याचा प्रोग्राम उचलून सुधारू लागले, निरोप ठेवू लागले. कुणी ठरवून नव्हे, आपोआप एक वाडा तयार झाला.

अंजीर आणि त्यातला कीटक

मार्च १९६० मध्ये लिकचा ‘मॅन-कॉम्प्युटर सिंबायोसिस’ हा निबंध आला. सिंबायोसिस म्हणजे सहजीवन. उंबर फोडून बघितलाय कधी? आत बारीक किडे असतात. उंबराच्याच कुळातल्या अंजिराचं उदाहरण लिकने घेतलं. झाडाचं परागीभवन कीटक करतो आणि कीटकाची अंडी-पिल्लं झाडाच्या आत वाढतात. झाडाशिवाय कीटक नाही, कीटकाशिवाय झाड नाही. माणूस आणि कॉम्प्युटर यांचं असं व्हावं, ही त्याची कल्पना. माणसाने प्रश्न विचारावेत, दिशा ठरवावी, निकाल तपासावा. मशिनने ती ८५ टक्के कारकुनी उचलावी.

त्याच काळात दुसरा एक गट म्हणत होता की मशिनच माणसासारखं विचार करेल. लिकने त्यांची टिंगल केली नाही. तो दिवस कदाचित येईलही, असं त्याने मान्य केलं. मात्र त्याआधी माणूस आणि मशिन यांनी मिळून काम करण्याचा जो काळ येईल, तो माणसाच्या बुद्धीसाठी सगळ्यात रोमांचक असेल असं त्याला वाटत होतं. आज चॅटबॉटकडून असाइनमेंट लिहून घेताना हा निबंध आठवला की मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. कारकुनी त्याला द्यायची आणि विचार आपण करायचा, की उलट, हे आपणच ठरवतोय.

सरकारी खुर्चीत बसलेला जोडारी

ऑक्टोबर १९६२ मध्ये लिक वॉशिंग्टनला, संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेत गेला. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक उडवल्यावर, १९५८ साली घाईने काढलेली ही संस्था. त्याच्या विभागाचं काम होतं सेनापतींना आदेश देण्यासाठी कॉम्प्युटर कसे वापरता येतील ते पाहणं. लिकने शांतपणे त्याचा अर्थच बदलला. सेनापतीला मशिनशी बोलता यायला हवं असेल तर आधी कुणालाही मशिनशी बोलता यायला हवं, असा त्याचा युक्तिवाद. विभागाचं नावही बदललं.

मग त्याने पैसे वाटायला सुरुवात केली. एमआयटी, कार्नेगी टेक, स्टॅनफर्ड, बर्कली ही विद्यापीठं. सांता मोनिकाची एसडीसी ही संस्था. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगेलबार्ट नावाचा एक इंजिनिअर कॉम्प्युटरने माणसाची बुद्धी कशी वाढवता येईल असलं काहीतरी म्हणत होता आणि फारसं कुणी त्याचं ऐकत नव्हतं. लिकने त्यालाही पैसे दिले. याच एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ९० मिनिटांत माउस, लिंक, शेअर्ड स्क्रीन आणि पडद्यावर समोरच्याचा चेहरा दाखवत एकत्र केलेलं एडिटिंग असं सगळं करून दाखवलं. झूम आणि गुगल डॉक्स यांचा आजोबाच तो.

एमआयटीचा सौदा तर आगगाडीत झाला. नोव्हेंबर १९६२ मध्ये व्हर्जिनियातल्या एका परिषदेहून परतताना लिक आणि एमआयटीचे रॉबर्ट फानो प्रवासात बोलत राहिले, आणि त्यातून १ जुलै १९६३ ला ‘प्रोजेक्ट मॅक’ सुरू झालं. वर्षाला सुमारे २० लाख डॉलर.

इथे एक खटकणारी गोष्ट आहे. हा पैसा कुठल्या जाहिरातीवरून, परीक्षेवरून किंवा समितीच्या गुणांवरून दिला गेला नाही. लिकच्या ओळखीतली, त्याला हुशार वाटलेली माणसं होती, त्यांना मिळाला. निकाल चांगला लागला म्हणून आज सगळे वाहवा करतात. पण त्या वर्तुळात नसलेला, दूरच्या एखाद्या छोट्या कॉलेजातला तितकाच हुशार कुणी असेल, तर त्याच्यापर्यंत लिक पोचलाच नाही. पद्धत म्हणून मी ही कुणालाही सुचवणार नाही. माणूस म्हणून लिकची पारख जबरदस्त होती, हेही खरं.

एप्रिल १९६३ मध्ये, प्रवासाच्या घाईत, त्याने या सगळ्या मंडळींना एक पत्र पाठवलं. सगळ्यांना मिळून त्याने नाव दिलं होतं आंतर-आकाशगंगीय कॉम्प्युटर नेटवर्क. नाव थट्टेचं, पण मजकूर रोजच्या डोकेदुखीचा. प्रत्येक जण वेगळी भाषा, वेगळी कमांड, वेगळी पद्धत वापरतोय. उद्या माझं मशिन तुमच्या मशिनशी जोडलं तर ते एकमेकांशी बोलणार कशात? विज्ञानकथेत दोन परग्रहांवरचे जीव पहिल्यांदा भेटतात तसा हा प्रश्न त्याने मांडला. आधी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं हे ठरवू या, मग बाकीचं. हल्ली एका ॲपमधला चॅट दुसऱ्या ॲपमध्ये नेता येत नाही तेव्हा मला हे पत्र आठवतं. साठ वर्षं झाली, भांडण तेच आहे.

भागीदारी मोडते तेव्हा

विद्यापीठ आणि कंपनी एकत्र आल्या की सगळं गोड होतं असं समजू नका. १९६४ मध्ये प्रोजेक्ट मॅकने मोठ्या टाइम-शेअरिंग यंत्रणेसाठी आयबीएमला डावलून जनरल इलेक्ट्रिकचं मशिन निवडलं आणि बेल लॅब्जही सोबत आली. या त्रिकुटाच्या यंत्रणेचं नाव ‘मल्टिक्स’. कल्पना भव्य. वीज-पाण्यासारखी कॉम्प्युटरची शक्ती सगळ्यांना पुरवायची. प्रत्यक्षात काम लांबत गेलं, गुंतत गेलं. १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. पुढच्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकने कॉम्प्युटरचा धंदाच हनीवेलला विकून टाकला.

यात लिकची वाटही सरळ नव्हती. १९६४ मध्ये तो आर्पा सोडून चक्क आयबीएमच्या संशोधन केंद्रात गेला होता. तिथे तो रमला नाही. त्या कंपनीचा जीव तेव्हा सिस्टिम/३६० या मशिन्सच्या मालिकेत अडकलेला, आणि समोरासमोर बसून वापरायच्या कॉम्प्युटरचं वेड तिथे फार थोड्यांना. तीनेक वर्षांत तो एमआयटीत परतला आणि १९६८ मध्ये प्रोजेक्ट मॅकचा प्रमुख झाला, नेमका मल्टिक्सचं घोंगडं भिजत पडलेलं असताना. तो चांगला प्रशासक नव्हता असं त्याचे चाहतेही मान्य करतात. कल्पना सुचवणं आणि माणसं हेरणं वेगळं, आणि महिन्याच्या महिन्याला हिशोब जुळवणं वेगळं.

पण मोडलेल्या भागीदारीतूनही काही उगवतं. मल्टिक्समधून परतलेल्या बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी छोटी, सुटसुटीत यंत्रणा लिहायला घेतली. ती युनिक्स. युनिक्सच्या धर्तीवर १९९१ मध्ये लिनक्स आलं आणि लिनक्सच्या गाभ्यावर अँड्रॉइड उभं आहे. म्हणजे तुमच्या हातातल्या फोनचा एक पणजोबा तो फसलेला करार आहे.

दोन दिवसांत आठवड्याचं काम

आता परत त्या १९६८ च्या लेखाकडे. त्यात एका मीटिंगचं वर्णन आहे. एंगेलबार्टच्या गटाने केलेल्या सोयीत सगळे एका खोलीत बसले, पण मध्ये कॉम्प्युटरला जोडलेले पडदे आणि कुणालाही हाताळता येईल असा जवळच माउस. कुणी बोलत असताना बाकीच्यांना त्याला न थांबवता त्याची मूळ आकडेवारी चाळता येत होती. एरवी आठवडा लागला असता ते काम दोन दिवसांत आटोपलं, असा लेखकांचा दावा.

का आटोपलं, याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला सगळ्यात आवडतं. प्रत्येकाच्या डोक्यात कामाचं एक चित्र असतं. दोन माणसं बोलतात तेव्हा खरं तर ती दोन चित्रं ताडून पाहत असतात. चित्र डोक्यातच राहिलं तर वाद नुसता शब्दांचा होतो. ते पडद्यावर, सगळ्यांना दिसेल आणि बदलता येईल असं मांडलं की वाद मुद्द्याचा होतो. नुसती माहिती पाठवणं म्हणजे संवाद नव्हे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. कॉलेजच्या ग्रुपवर ५० पीडीएफ फॉरवर्ड करूनही कुणाला काही कळत नाही आणि एका शेअर्ड शीटवर तिघं अर्धा तास बसले की सगळं उलगडतं, याचं कारण तेच.

लेखात ‘ऑलिव्हर’ नावाच्या एका सहायक प्रोग्रामचीही कल्पना आहे. तो तुमच्या सवयी ओळखेल, कुणाचा निरोप महत्त्वाचा ते ठरवेल, तुमच्या वतीने कामं करेल. शिवाय पुढे माणसं गावावरून नव्हे तर आवडीवरून एकत्र येतील, असंही भाकीत आहे.

पण शेवटाकडे एक चिंता आहे. हे सगळं कुणाला मिळणार? ऑनलाइन असणं हा हक्क असेल की मूठभरांची चैन? मूठभरांनाच मिळालं तर आधीच असलेली दरी आणखी रुंद होईल, असं त्यांनी बजावलं. लॉकडाउनमध्ये रेंज मिळवायला झाडावर किंवा डोंगरावर चढून वर्ग करणारी आपल्याकडची मुलं आठवा.

टेलरने पुढचं पाऊल आधीच टाकलं होतं. आर्पात लिकनंतर आयव्हन सदरलंड आणि मग १९६६ मध्ये टेलर त्या खुर्चीत आला, तेव्हा त्याच्या खोलीत तीन टर्मिनल होते: एक एमआयटीचा, एक बर्कलीचा, एक सांता मोनिकाचा. प्रत्येकाची कमांड वेगळी, एकातून उठून दुसऱ्यासमोर बसायचं. फोनमध्ये एकाच कामाची तीन ॲप असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एकाच टर्मिनलवरून सगळीकडे का जाता येऊ नये, यातून आर्पानेट निघालं. लिकची जुनी कंपनी बीबीएन हिलाच जोडणी करणारी मशिन्स बनवायचं कंत्राट मिळालं. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसचं विद्यापीठ आणि एंगेलबार्टची संस्था यांच्यात पहिला निरोप गेला. दोन अक्षरं पोचली आणि यंत्रणा कोलमडली.

१९७१ मध्ये बीबीएनच्याच रे टॉमलिन्सनने नेटवर्कवरून ईमेल पाठवून दाखवला आणि पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह वापरलं. दोनेक वर्षांतच या नेटवर्कवरच्या रहदारीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग ईमेलचा होता. महागडे कॉम्प्युटर वाटून वापरता यावेत म्हणून बांधलेलं जाळं माणसांनी गप्पांसाठी वापरलं. लिकला याचं आश्चर्य वाटलं नसणार.

आपल्याकडेही सुरुवात साधारण अशीच झाली. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने अर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क हाती घेतलं. त्यात आयआयएससी, पाच आयआयटी आणि मुंबईचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी होतं. आधी संस्था जोडल्या गेल्या, घरं फार नंतर.

शेवटची वर्षं

१९७४ मध्ये लिक पुन्हा वर्षभर आर्पात गेला. काळ बदलला होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात प्रत्येक डॉलरचा लष्कराला थेट उपयोग काय, हे विचारलं जाऊ लागलं होतं. १९६२ सारखी मोकळीक उरली नव्हती. तो परत एमआयटीत आला, विद्यार्थ्यांमध्ये बसू लागला. १९७९ मध्ये त्याच्या गटातल्या काही जणांनी इन्फोकॉम नावाची गेम कंपनी काढली. ‘झॉर्क’ हा टाइप करून खेळायचा गेम त्यांचाच. संस्थापकांच्या यादीत चौसष्ट वर्षांच्या लिकचंही नाव आहे.

१९८३ मध्ये एमआयटीने डिजिटल आणि आयबीएम या दोन कंपन्यांबरोबर ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू केलं. कॅम्पसभर वर्कस्टेशन्स पसरायची आणि विद्यार्थ्याने कुठल्याही मशिनसमोर बसलं तरी त्याला स्वतःच्याच फाइल दिसायच्या. त्यातून निघालेली कर्बेरॉस ही लॉगिनची पद्धत आजही मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसात रोज चालते. त्यातच झेफर नावाची, लगेच निरोप पोचवणारी सेवाही होती. लिक १९८५ मध्ये एमआयटीतून निवृत्त झाला.

फेब्रुवारी १९९० मध्ये आर्पानेट अधिकृतपणे बंद करण्यात आलं. त्याचं काम मोठ्या जाळ्यांनी केव्हाच उचललं होतं. त्याच वर्षी २६ जूनला, दम्याच्या झटक्यानंतर, मॅसॅच्युसेट्समधल्या आर्लिंग्टन इथे लिक वारला. वय ७५. तोवर टिम बर्नर्स-ली यांचा वेबचा प्रस्ताव जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वर्षभरापूर्वीच देऊन झाला होता, पण पहिला ब्राउझर तयार व्हायला डिसेंबर उजाडला. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला.